सोर्स काढला का?

“सोर्स काढला का?” फोनवर डॉ. निरगुडकरांनी विचारलं.

“काढला,” मी म्हटलं.

“बरं. चौदा झालं. पंधरा, झडप?”

“झडप बंद आहे सर. शेवटचा स्क्रू आवळतायत.”

एवढं बोलायला दहा सेकंदंही लागली नसतील. मी शिडीवर वीसेक फूट उंच उभी होते. पदर कमरेला खोचलेला, समुद्राकडून वारा सुटलेला, आणि माझ्या खांद्यापाशी रॉकेटचं नाक. सर तिथून तीनशे मीटरवर, नियंत्रण कक्षात, यादीवर टिकमार्क करत बसले होते. यादीत बावीस ओळी होत्या. बावीस झाल्या की आम्ही सगळ्यांनी खाली उतरून मागे पळायचं आणि संध्याकाळी सात चाळीसला रॉकेट सुटायचं.

रॉकेटच्या नाकात आमची पेटी होती. दिसायला अगदी साधी, टिफिनच्या मोठ्या डब्याएवढी. आत एक वायू भरलेला आणि समोर कागदाहून पातळ अशी धातूची खिडकी. आकाशातून येणारे क्ष-किरण त्या खिडकीतून आत शिरले की पेटी एकेक किरण मोजायची आणि त्याची ताकद नोंदवायची. हे किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, हवाच ते खाऊन टाकते. म्हणून हवेच्या वर जायचं. त्या काळात आम्हाला उपग्रह कोण देणार? जे मिळायचं ते असं रॉकेट, जे वर जातं, पाच मिनिटं आकाश बघतं आणि समुद्रात पडतं. त्या पाच मिनिटांसाठी मी पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं घालवली होती. माझा प्रबंध त्या पाच मिनिटांवर उभा राहणार होता.

सोर्स म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी एक किरणोत्सारी चकती. तिच्यातून ठरावीक ताकदीचे क्ष-किरण निघतात. तराजू बरोबर आहे की नाही हे बघायला आपण ओळखीचं वजन ठेवतो ना, तशी ती चकती खिडकीवर बसवायची, पेटी काय आकडा दाखवते ते बघायचं आणि मग ती काढून शिशाच्या डबीत परत ठेवायची. हे काम प्रयोगशाळेत रोज चाले. सर सकाळी साडेआठला वरच्या मजल्यावरून फोन करायचे आणि विचारायचे, “सोर्स काढला का?” म्हणजे डबीतून बाहेर काढला का, मी खाली येऊ का. आम्ही म्हणायचो, “काढला,” आणि ते यायचे.

शिडीवर माझ्याबरोबर घाडीकाका होते. ते आमच्या प्रयोगशाळेचे मेकॅनिक, कणकवलीकडचे, पंचावन्नच्या पुढचे. पेटीची खिडकी त्यांच्याशिवाय कुणी बसवत नसे, सरही नाहीत. शेवटची तपासणी झाल्यावर ते बारीक पाना आणायला खाली उतरले. तेवढ्यात रॉकेट-तळाच्या दोघा मेकॅनिकांनी नाकाची झडप लावली. “क्लोज, चेच्ची?” त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं होतं; चेच्ची म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. मी मान हलवली होती. घाडीकाका पाना घेऊन वर आले तोवर सहाच्या सहा स्क्रू बसले होते, त्यामुळे ते नुसतेच पाना घेऊन परत उतरले.

रॉकेट सात एकेचाळीसला सुटलं. मासेमारीच्या दोन होड्या हद्दीत घुसल्या म्हणून एक मिनिट उशीर. आवाज कल्पनेपेक्षा कमी झाला, धूर जास्त. मी बघत होते ती रॉकेटकडे नाही, कागदाच्या पट्टीवर फिरणाऱ्या पेनाकडे. हवेतून वर चढताना पेटीची वीज बंद ठेवावी लागते, नाहीतर आत ठिणग्या पडतात. सत्तर सेकंदांनी वीज सुरू झाली आणि पेन थरथरायला लागलं. पाच मिनिटं दहा सेकंद ते थरथरलं, मग सरळ रेष. सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, “चला, चहा घेऊ.”

पुण्याला आल्यावर मी पट्टी मोजायला घेतली. कॉम्प्युटरवर वेळ मिळायची मारामार होती, म्हणून पट्टीवरचे ठिपके मी हातानेच मोजले. बारा दिवस लागले. आलेख काढला तर मधोमध एक उंचवटा होता. तो जिथे होता तिथे लोखंडाचे किरण येतात.

सर आलेखाकडे खूप वेळ बघत राहिले. “पोंक्षे, हे कळतंय का तुम्हाला?”

“लोखंड वाटतंय, सर.”

“आकाशात सगळीकडे पसरलेलं लोखंड. हे अजून कुणाला दिसलेलं नाही.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण दुपारी त्यांनी घरून श्रीखंड मागवलं आणि शिपायासकट सगळ्यांना स्वतः वाढलं. हा माणूस दिवाळीलासुद्धा कधी कुणाला पेढा देत नसे. आठवड्याभरात त्यांनी लेख लिहून काढला. दुसरं नाव माझं होतं.

लेख टपालात पडायला दोन दिवस होते तेव्हा घाडीकाकांनी दुसऱ्या एका पेटीच्या तपासणीसाठी कपाटातून शिशाची डबी काढली. मी शेजारच्याच टेबलावर होते. त्यांनी डबी उघडली आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

“बाई, डबी रिकामी आसा.”

“म्हणजे?”

“म्हंजे सोर्स नाय.” त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. “मी पानो आणूक खाली गेलंय तेव्हा सोर्स खिडकीवर होतो. तुमी काढलास असतलो, असा वाटला माका. डबी तुमच्याकडेच होती.”

डबी माझ्या पिशवीत होती हे खरं होतं. मी ती तशीच पुण्याला आणून कपाटात ठेवली होती. उघडून बघितली नव्हती.

मी पट्टी परत काढली. रॉकेट हवेत गोल गोल फिरत जातं, त्यामुळे पेटीचं तोंड मधूनमधून पृथ्वीकडेही वळतं. पृथ्वीकडून असले किरण येत नाहीत. तेवढ्याच वेळातले ठिपके मी वेगळे मोजले. उंचवटा जसाच्या तसा होता. आमच्या सोर्समधून निघणारे किरण आणि लोखंडाचे किरण ताकदीने शेजारी शेजारी बसतात, आणि आमच्या पेटीला तेवढा बारीक फरक कळत नव्हता. आकाशातलं लोखंड म्हणजे आमचीच चकती होती आणि ती आता समुद्राच्या तळाशी होती.

मी आणि घाडीकाका दोघंही वर गेलो. काका बरोबर नसते तर मी गेले असते का, हे मला आजही सांगता येत नाही. सरांनी ऐकून घेतलं, दोन्ही आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले, आणि मग टाइप केलेला लेख उचलून मधोमध फाडला. फाडताना कागद वेडावाकडा फाटला म्हणून परत नीट फाडला.

“तळाला कळवायला हवं,” ते म्हणाले. “किरणोत्सारी वस्तू हरवली तर चोवीस तासांत कळवायचं असतं. आधीच तीन आठवडे झालेत.”

“सर, कुणी विचारणार नाही,” मी म्हटलं.

“नाही विचारणार,” ते म्हणाले, आणि तार लिहायला बसले.

तळाकडून चौकशीचं पत्र आलं. त्यासोबत तळाच्या नियमांची एक प्रत होती आणि एका नियमाखाली शाईने रेघ मारलेली होती. नियंत्रण कक्षाच्या फोन-लाइनवर खोटं उत्तर देणाऱ्या व्यक्तीला तळावर पुन्हा प्रवेश नाही. सरांच्या यादीत चौदाव्या ओळीसमोर टिकमार्क होता आणि त्यापुढे माझी आद्याक्षरं. म्हणजे ती रेघ माझ्यासाठी होती. तळावर प्रवेश नाही म्हणजे पुन्हा रॉकेट नाही, प्रबंध नाही, आणि जुलैत शिष्यवृत्ती संपली की साताऱ्याला परत. तिथल्या कन्याशाळेत विज्ञानाची जागा रिकामी असल्याचं वडिलांनी दोनदा पत्रात लिहिलं होतं. मला शाळेत शिकवायचं नव्हतं. मला ती पाच मिनिटं परत हवी होती, इतकी की जेवण जात नव्हतं.

सर चौकशीच्या आदल्या दिवशी विमानाने गेले. मी आणि घाडीकाका रेल्वेने गेलो. दोन रात्री आणि एक दिवस.

समितीत तिघं होते. अध्यक्ष वेंकटचलम नावाचे, तमिळ, पांढरा शर्ट, बोलण्यात घाई नाही. बाकीचे दोघं लिहून घेत होते. सगळं इंग्रजीत चाललं होतं. घाडीकाकांना आधी बोलावलं. त्यांनी मोडक्या हिंदीत जे होतं ते सांगितलं, सोर्स बसवला, पाना आणायला गेलो, आलो तर झडप बंद. त्यांना बाहेर पाठवलं.

मग सरांना विचारलं. सरांनी खिशातल्या कागदावरून वाचून दाखवलं. “मी विचारलं, सोर्स रिमूव्ह झाला का. मिस पोंक्षेंनी उत्तर दिलं, रिमूव्ह्ड.”

“मिस पोंक्षे,” अध्यक्ष माझ्याकडे वळले, “असंच झालं?”

“नाही, सर,” मी म्हटलं. “हे शब्द झाले नाहीत.”

सरांनी माझ्याकडे बघितलं.

“मग कोणते झाले?”

“बोलणं मराठीत झालं. त्यांनी विचारलं, सोर्स काढला का. मी म्हटलं, काढला.” मी इंग्रजीत बोलत होते आणि तेवढे दोन शब्द मराठीत. “या शब्दाचे दोन अर्थ आहेत. खिडकीवरून काढला, म्हणजे रिमूव्ह्ड. आणि डबीतून काढला, म्हणजे टेकन आउट, वापरायला बाहेर घेतला. एका अर्थी सोर्स पेटीवर नाही. दुसऱ्या अर्थी तो पेटीवर आहे. मी दुसरा अर्थ घेतला. सोर्स मी डबीतून काढून घाडींना दिला होता. माझं उत्तर खोटं नव्हतं.”

लिहून घेणाऱ्यांपैकी एकजण थांबला आणि त्याने मान वर केली. अध्यक्षांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

“एकच शब्द, आणि दोन उलटे अर्थ?”

“हो, सर.”

“डॉ. निरगुडकर, लाइनवर इंग्रजीच बोलायचं असा नियम आहे. तुम्ही मराठीत विचारलंत?”

“हो,” सर म्हणाले. “आम्ही दोघं मराठी. तोंडात तेच येतं.”

“आम्हा तिघांना मराठी येत नाही. इथे ती येणारे तुम्ही दोघंच आहात. म्हणून तुम्हालाच विचारतो. या म्हणतात ते खरं आहे?”

गणित अडलं की सर डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत बसायचे, तसं त्यांनी केलं. “नाही” म्हणाले असते तर तिथल्या तिथे माझा निकाल लागला असता आणि त्यांच्यावर ठपका आला नसता. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते आणि मनातल्या मनात विनवत होते. इतकं मी देवालाही कधी विनवलेलं नाही.

“खरं आहे,” ते म्हणाले. “शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. एवढंच नाही. आमच्या प्रयोगशाळेत हाच प्रश्न मी तीन वर्षं रोज सकाळी विचारत आलोय, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ दुसरा असतो. डबीतून काढला का. मला आत्तापर्यंत हे लक्षात आलं नव्हतं. त्यांनी रोजच्यासारखं उत्तर दिलं. त्या दिवशी रोजच्यासारखा नव्हता तो माझ्या प्रश्नाचा अर्थ.”

“मग चूक कुणाची म्हणून लिहू?”

“विचारणाऱ्याची,” सर म्हणाले.

तसंच लिहिलं गेलं. पुढची दोन वर्षं त्यांना स्वतःच्या नावाने रॉकेट मिळणार नाही, असा निर्णय झाला. पेट्यांचं काम अहमदाबादच्या एका गटाकडे द्यायचं, आणि त्या गटाला पेट्यांची माहिती असलेलं माणूस लागेल म्हणून मला तिकडे पाठवायचं. अध्यक्षांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि मराठी भाषा अवघड दिसते असं काहीतरी म्हणाले.

स्टेशनवर सोडायला तळाची जीप होती. काका पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागे. बराच वेळ सर बाहेर बघत होते.

“सुहासिनी,” ते म्हणाले. ते मला नेहमी आडनावाने आणि ‘तुम्ही’ म्हणून हाक मारत. “तुला त्या वेळी तसंच वाटलं ना? डबीतून?”

“हो, सर.”

“बरं झालं तू तिथे बोललीस. नाहीतर मी आयुष्यभर समजत राहिलो असतो की तू न बघता उत्तर दिलंस. तुझ्यावर अन्याय झाला असता.”



दुसरा अर्थ मला शिडीवर सुचला नव्हता. तो मला घाडीकाकांनी दिला, चौकशीला येताना रेल्वेत, केळं सोलताना. “बाई, तुमचो काय दोष? साहेब रोज ‘सोर्स काढलास?’ म्हणून इचारतत ता डबीतसून काढूचा. तुमका तसाच वाटला असतला.” त्यांनी ते माझी समजूत घालायला म्हटलं होतं, मनापासून. मी उरलेला सगळा प्रवास ते वाक्य इंग्रजीत जुळवत बसले. टेकन आउट हे शब्द शोधायला मला मध्यरात्र झाली.

शिडीवर मला सरांचा प्रश्न बरोबर कळला होता. चौदावी ओळ मला पाठ होती. त्यांनी विचारलं तेव्हा मी झडपेकडे बघितलं. स्क्रू आवळले जात होते. आत सोर्स आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. काका काढूनच उतरले असतील असं वाटलं आणि नसतील असंही वाटलं. झडप परत उघडायची म्हणजे वीस मिनिटं, फोनवर थांबा म्हणून सांगायचं, सरांनी का म्हणून विचारायचं, आणि सात चाळीस हातचं जायचं. पिशवीतली डबी उघडून बघायला पाच सेकंदं लागली असती. तेही मी केलं नाही, कारण डबी रिकामी निघाली तर झडप उघडावी लागली असती. मी म्हटलं, काढला.

अहमदाबादच्या गटाबरोबर मी पुढे चार रॉकेटं उडवली. प्रबंध झाला. नंतर उपग्रह आले, त्यातल्या दोन उपग्रहांवर माझ्या हाताखाली तयार झालेल्या पेट्या गेल्या. सरांना दोन वर्षांनी रॉकेट मिळू शकलं असतं, पण त्यांनी मागितलं नाही. ते शिकवायला लागले. चांगलं शिकवायचे म्हणतात. पहिल्या तासाला ते पोरांना ही गोष्ट सांगायचे, स्वतःला हसत. प्रश्न असा विचारा की त्याला एकच उत्तर निघेल, हे शिकवायला.

ते निवृत्त झाले तेव्हा समारंभाला मला बोलावलं होतं. मी पहिल्या रांगेत होते. बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तीच गोष्ट सांगितली, शिडी, फोन, चौदावी ओळ, वेंकटचलम. सभागृह खूप हसलं. “खोटं वाटत असेल तर विचारा,” ते म्हणाले, “साक्षीदार इथे बसलाय,” आणि माझ्याकडे हात केला. मला उभं राहावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. विशीबाविशीची असेल. “मॅडम,” तिने विचारलं, “तुम्हाला त्या वेळी एकदाही शंका आली नाही? की सरांना दुसरंच काही म्हणायचं असेल?”

सर माझ्याकडे बघत होते. कौतुकाने.

“नाही,” मी म्हटलं, आणि खाली बसले.